मोठे रस्ते टाळा

“काकू, ही खूण कुणी केली?” असं स्टीरिओवाल्यानं विचारलं तेव्हा साडेनऊ वाजत आले होते आणि माझं मौन अकराला सुटणार होतं. हे चष्म्याची निखळलेली दांडी बसवून आणायला कोपऱ्यावर गेले होते. गाडी दुकानाच्या दारात चालूच ठेवलेली, कारण नवा नकाशा चढत असताना मध्येच वीज तुटली तर रस्ता दाखवणारा सेट कायमचा बंद पडतो, असं त्यानं आल्याआल्याच बजावलं होतं. तो यांच्या जागेवर बसला होता, मी माझ्या. दुकानाच्या दारात टांगलेली सीटची कव्हरं वाऱ्यानं एकमेकांवर घासत होती, नव्या रबराचा वास येत होता, आणि इंजिनाची थरथर माझ्या मांडीवरच्या पिशवीपर्यंत पोचत होती. पिशवीत माळ होती आणि माळेवर माझं बोट. त्यानं पडद्यावर एकामागून एक पानं उघडत नेली. आवाज, भाषा, दिवसाचा रंग, रात्रीचा रंग. मग एका ओळीवर थांबला. ‘मोठे रस्ते टाळा.’ तिच्यापुढे हिरवी बरोबरची खूण. “ही आपोआप येत नाही,” तो म्हणाला. “कुणीतरी दाबलीय. काका तर मघाशी सांगत होते की नकाशात तो रस्ताच नाही. नाही कसा? हा बघा.” त्यानं बोटानं नकाशा सरकवला. आमच्या घराच्या बाजूनं निघून वन्संच्या शुश्रूषागृहापर्यंत सरळ गेलेली जाड पिवळी रेघ. “पहिल्यापासून आहे. पण टाळायला सांगितलंय म्हटल्यावर ती आतली रस्ता सांगणारी बाई बिचारी नेणार कशी?”

त्याला उत्तराची घाई नव्हती. माझं मौन असतं हे यांनी त्याला आधीच सांगितलं होतं, नेहमीच्या विनोदासकट: “घरात एक बाई बोलत नाही, गाडीत एक बाई गप्प बसत नाही. आपलं बरं चाललंय.” तो हसला होता. आता मात्र हसत नव्हता, नुसता पडद्याकडे बघत होता, आणि मी माझ्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाकडे बघत होते. ते माळेवर कधीच ठेवायचं नसतं, म्हणून ते नेहमी जरा बाजूला, ताठ, रिकामं असतं. त्याच बोटानं दाबलं होतं. इतकी वर्षं हे माझ्या मनातून पार पुसलं गेलं होतं, आणि आता नखाखाली काच लागली तसं आठवलं. पडदा थंड होता. एकदा दाबून काही झालं नाही म्हणून मी पदरानं बोट पुसून पुन्हा दाबलं होतं. खूण उमटली तेव्हा मला स्वतःचं कौतुकसुद्धा वाटलं होतं की आपल्याला हे यंत्र कळलं. हे तेव्हा चाकात हवा भरून घेत होते.

सेट बसवून महिना झाला असेल. पाच वर्षं झाली त्याला. यांना दिशा म्हणून कळत नाहीत. आमच्याच जिन्यातून उतरलं की डावीकडे वळायचं की उजवीकडे, यावर हे अजून क्षणभर थांबतात आणि तो क्षण लपवायला किल्ल्या चाचपतात. म्हणून मुलीनं हौसेनं हा सेट बसवून दिला. पहिल्या दोन खेपांना त्यातली बाई आम्हाला वन्संकडे मोठ्या रस्त्यानं घेऊन गेली होती. मला ते सहन झालं नाही. दोन्ही बाजूंनी ट्रक, त्यांचा वारा गाडीला धक्का देऊन जायचा, भोंगे वाजायचे, माझी माळ हातात थांबायची आणि कुठवर आले होते ते विसरायला व्हायचं. पुन्हा पहिल्यापासून. सकाळचं निघायचं म्हणजे माझ्या मौनाची वेळ, म्हणजे यांना सांगता यायचं नाही, आणि अकरानंतर सांगायचं तर तेव्हा ते इतकं क्षुल्लक वाटायचं. म्हणून सांगितलंच नाही. खूण केली. त्यानंतर बाई आम्हाला कालव्याच्या काठानं नेऊ लागली. झाडांची सावली, एखादी सायकल, मध्ये रेल्वेचं फाटक. वेळ दुपटीनं लागायचा, पण पोचेपर्यंत माझ्या माळा पुऱ्या व्हायच्या. हे म्हणायचे, “काय छान रस्ता काढलाय बाईनं!” आणि थोड्याच दिवसांत यांच्या डोक्यात वन्संकडे जायचा तेवढाच एक रस्ता उरला. त्यांच्या डोक्यात एका ठिकाणाला एकच रस्ता मावतो.

वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा यांना तिनंच वाढवलं. हे पाच वर्षांचे, ती सतराची. लग्न होऊन मी आले तेव्हा ती आमच्यातच राहायची आणि यांचे शर्ट स्वतःच्या हातांनी घडी घालून कपाटात ठेवायची, कॉलर आत दुमडून. एका सकाळी मी तिच्या हातातून शर्ट घेतला आणि म्हटलं, “आता त्यांना बायको आहे.” आवाज चढवला नव्हता मी. मी कधीच चढवत नाही. महिन्याभरात वन्संनी नोकरीत दुसऱ्या गावी बदली मागून घेतली, आणि पुढे निवृत्त झाल्यावरसुद्धा आमच्या घरी न येता शहराच्या त्या टोकाला एका वृद्धांच्या शुश्रूषागृहात खोली घेतली. माझ्या मनाला ते लागून राहिलं. सकाळी माझी जीभ धारदार असते हे मला माहेरापासून माहीत होतं. तेव्हा मी देवासमोर ठरवलं की उठल्यापासून अकरापर्यंत बोलायचं नाही. अठरा वर्षं झाली. एक दिवस चुकला नाही, आजारपणातसुद्धा नाही. वन्संना हे कळलं तेव्हा ती पोट धरून हसली होती. “अगं, तोंड बंद करण्यापेक्षा गोड बोलायला शिकली असतीस तर माझी सोय झाली असती!” मग माझा हात हातात घेऊन म्हणाली, “मी ते केव्हाच सोडून दिलंय गं. तूपण सोड.” मी सोडलं नाही. उलट दर गुरुवारी दुपारी बसनं तिच्याकडे जाऊ लागले, तिचे केस विंचरून द्यायला. बस मोठ्या रस्त्यानं जायची. पाण्याच्या उंच टाकीशी उजवीकडे वळली की वीस मिनिटांत शुश्रूषागृह. बसमध्ये मला कसली भीती वाटायची नाही, कारण दुपार असायची आणि माळा झालेल्या असायच्या.

“काकू,” स्टीरिओवाला हळूच म्हणाला. साठीकडे झुकलेला माणूस, डोक्यावर चष्मा चढवलेला, बोटांच्या पेरांत काळं बसलेलं. “मी आता नवं टाकायला घेतो. जुनं सगळं पुसलं जाईल. तुमचे ठेवलेले पत्ते, ही खूण, सगळं. नंतर आधी काय होतं ते मलासुद्धा दाखवता यायचं नाही.” तो थांबला. “पुसू?”

माझ्या मौनात खुणासुद्धा नसतात. आधी होत्या. पण एकदा हे वैतागून म्हणाले, “तुझं मौन फार बडबड करतं बाई, हातवारे काय, भुवया काय, याच्यापेक्षा बोललेली परवडलीस,” आणि ते मला पटलं. तेव्हापासून मी खुणाही सोडल्या. ‘हो’ची खूण नाही, ‘नाही’ची नाही. आणि आता मी मान हलवली. स्पष्ट, वरून खाली. त्यानं बटण दाबलं. पडदा काळा झाला, मग त्याच्यावर एक पातळ पट्टी आली आणि एक टक्का दिसला. मान हलली हे मला नंतर जाणवलं, एखाद्यानं आपल्या हातातून भांडं काढून घेतल्यावर हात हलका होतो तसं. सात महिन्यांपूर्वी त्या टाकीशी ही मान हलली नव्हती.

त्या दिवशी शुश्रूषागृहाचा फोन सव्वाआठला आला. लवकर या, त्या तुमचं नाव घेतायत. यांनी एक चप्पल घातली आणि दुसरी शोधत घरभर फिरले. ती मी त्यांच्या पायाशी नेऊन ठेवली. गाडीत बसल्यावर यांनी बाईला पत्ता दिला. टाकीचा चौक आला. समोर माझी गुरुवारची बस उजवीकडे वळत होती, तिच्या मागच्या काचेवर धूळ होती आणि धुळीत कुणीतरी बोटानं फूल काढलं होतं. बाई म्हणाली, डावीकडे वळा. मी यांच्याकडे पाहिलं. उजवीकडे, एवढा एकच शब्द. तो माझ्या घशात आला होता हे मी खोटं सांगणार नाही. आला होता आणि मी तो गिळला, आणि गिळताना मला, देवा, मला जरा बरं वाटलं, की केवढा मोह होता आणि आपण टिकलो. हे डावीकडे वळले. कालव्याच्या काठानं एका शाळेच्या बसमागे आम्ही बैलगाडीच्या चालीनं गेलो. फाटक बंद होतं. मालगाडी होती. हे दोन्ही हातांनी चाक धरून पुटपुटत होते, “येतोय गं ताई, आलोच बघ, आलोच.” मी डबे मोजले नाहीत, मणी मोजले. त्या दिवशी माझ्या माळा रोजच्यापेक्षा जास्त झाल्या.

आम्ही पोचलो तेव्हा वन्सं जाऊन पाव तास झाला होता. तिथली परिचारिका म्हणाली, “दाराकडेच बघत होत्या हो. दोनदा विचारलं, आला का म्हणून. तुम्ही मोठ्या रस्त्यानं नाही का आलात? वीस मिनिटांचं तर अंतर.” हे तिच्याकडे बघत राहिले. “मोठा रस्ता?” म्हणाले. “कुठला मोठा रस्ता?” मी वन्संच्या पायांवर डोकं ठेवलं. अकरा वाजायचे होते, म्हणून मी आवाज न करता रडले. जमलेल्या नातेवाइकांपैकी कुणीतरी कुणाला तरी म्हणालं, “केवढा संयम आहे बघा हिच्याकडे.” ते मी ऐकलं. आणि ते ऐकून मला कसंसं झालं नाही. ते आज होतंय.

पाच टक्के, सहा टक्के. हे परत आले. दांडी बसली होती पण चष्मा एका कानावर जरा उंच बसत होता. स्टीरिओवाला उठला आणि मागच्या सीटवर सरकला, म्हणाला, “बसा काका, तुमचीच जागा. तासभर आता कुणी कशाला हात लावायचा नाही.” हे बसले आणि पट्टीकडे बघू लागले. नवा नकाशा घ्यायचा हे यांनीच ठरवलं होतं. शुश्रूषागृहातून परतल्यापासून एकच गोष्ट यांनी धरून ठेवली होती: रस्ता होता आणि आपल्या नकाशात नव्हता. मुलगी दोन वर्षं सांगत होती की बाबा, नकाशा जुना झालाय, नवा करून घ्या; आणि हे तिला म्हणायचे, रस्ते काय कुठे पळून जातायत का? ते वाक्य आता यांच्यावर उलटलं होतं. जेवताना मध्येच घास हातात धरून थांबायचे. “एक अर्धा तास काढायला हवा होता मी. अर्धा तास फक्त, दुकानात जाऊन.” मुलीला फोनवर म्हणायचे, “तुझं ऐकलं असतं तर ताई भेटली असती.” ती तिकडून समजूत घालायची. मी त्यांच्या ताटात वाढायचे. अकरानंतरची वेळ असायची ती, दुपार, संध्याकाळ, माझी बोलायची वेळ. टाकीच्या चौकाचं सांगायला मला कुणीही अडवलेलं नव्हतं. मी म्हणायचे, “असू दे हो. नकाशा जुना होता, तुम्ही काय करणार?” आणि मला ते खरंच वाटत होतं. निदान तेवढं तरी खरं होतं. मी बोलले नाही, ते व्रत होतं. पण रस्ता चुकला तो नकाशामुळे, अशी वाटणी मी मनात करून ठेवली होती, आणि त्या वाटणीवर सात महिने झोपत होते.

“मीच आळशी हो,” हे आता मागे वळून त्या परक्या माणसाला सांगत होते. कुणालाही सांगतात हल्ली, न्हाव्याला, डॉक्टरला. “माझी बहीण होती. आईच म्हणा. मला शर्टाची बटणं लावायला तिनं शिकवलं, खालून वर. वरून लावली की एक चुकतं म्हणायची. तिनं शेवटी वाट बघितली आणि मी कालव्यावर फिरत बसलो. का, तर नकाशा जुना. आणि नकाशा जुना का, तर हा माणूस आळशी.” यांनी स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं. “जुन्यात तो रस्ता नाहीच ना? तुम्ही बघितलंत ना?”

मी समोर बघत होते. वरच्या छोट्या आरशात मला स्टीरिओवाल्याचे डोळे दिसत होते. ते आधी यांच्या मानेवर होते, मग आरशातून माझ्यावर आले. मी ते चुकवले नाहीत, एवढंच. विनवणी केली असेन का? डोळ्यांनी केलेली विनवणी ही खूणच. त्यानं डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. मग म्हणाला, “जुना होता काका. जुन्या नकाशांचं असंच असतं. तुमचा काय दोष?” आणि खाकरून दार उघडून उतरला, म्हणाला, आतून एक वायर घेऊन येतो. वायर कसलीच लागत नव्हती.

“बघ,” हे मला म्हणाले. “कारागीर माणूससुद्धा सांगतोय.” त्यांना बरं वाटलं नव्हतं. त्यांचा चेहरा आणखी उतरला होता. जुना होता म्हणजे आळस ठरला, पक्का झाला, जाणकारानं शिक्का मारला. एका अनोळखी माणसानं माझ्यासाठी खोटं बोलून माझ्या नवऱ्याचा अपराध पक्का केला होता आणि पुरावा माझ्या मानेच्या एका हालचालीनं पुसला जात होता, चाळीस टक्के, एक्केचाळीस टक्के. यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि पुन्हा घातला. तो वाकडाच बसला. मला वाटलं, हात पुढे करून तो सरळ करावा. तेवढ्यासाठीसुद्धा माझा हात पिशवीतून बाहेर येईना. अकराला सांगू, असं मी मनाशी म्हटलं. अकरा वाजू दे, मौन सुटू दे, मग नीट, घरी गेल्यावर, यांना पाणी देऊन. आणि हे म्हणतानाच मला माझा तो आवाज ओळखू आला. सात महिने रोज तोच आवाज अकराला माझ्याशी हेच बोलत होता, आणि रोज अकरानंतर काही ना काही असायचं, कपडे वाळत घालायचे असायचे, यांना झोप लागलेली असायची. आज नकाशा चढला की यांच्याकडे पुन्हा विचारायला काहीच उरणार नव्हतं. हे मरेपर्यंत आळशी राहणार होते. आणि मी व्रतस्थ.

साठ टक्क्यांच्या पुढे कधीतरी मी माळ खाली ठेवली. मेरुमणी आला नव्हता, मध्येच.

“अहो.”

हे दचकले. आधी बाईकडे बघितलं, म्हणजे पडद्याकडे. मग माझ्याकडे. “काय झालं?” यांचा हात थेट माझ्या कपाळावर आला. “छातीत दुखतंय का? घाम आलाय का तुला? अहो भाऊ, जरा पाणी—”

“काही दुखत नाही. ऐका.”

“मग बोललीस कशी?”

“नकाशा जुना नव्हता,” मी म्हटलं. सकाळचा माझा आवाज मी अठरा वर्षांत ऐकला नव्हता. तो जाड होता, दुसऱ्याच बाईचा. “रस्ता होता त्यात. मोठे रस्ते टाळायची खूण मी केली होती. पाच वर्षांपूर्वी. माझ्या जपासाठी, गोंगाट नको म्हणून. विसरले होते मी ते, आत्ता त्यानं दाखवलं. तुम्ही नव्हता तेव्हा. आणि मी पुसायला हो म्हटलं.”

यांचा हात अजून माझ्या कपाळावर होता.

“आणि टाकीच्या चौकात मला माहीत होतं. बस उजवीकडे जाते ते. दर गुरुवारी जायचे ना मी. तुम्ही डावीकडे वळलात तेव्हा मला माहीत होतं. मी बोलले नाही.”

यांनी हात काढून घेतला. सावकाश, गरम भांड्याला लागला असावा तसा नव्हे; जिथून उचलला होता तिथे, चाकावर, नेऊन ठेवला. मी वाट बघत होते की हे ओरडतील. आमच्या लग्नाला चौतीस वर्षं झाली आणि हे कधी माझ्यावर ओरडले नाहीत, पण आज ओरडतील असं मला वाटलं आणि मला ते हवं होतं. रस्त्यावरून एक बाई दोन पिशव्या सांभाळत गेली. दुकानाच्या आत स्टीरिओवाला कुणाला तरी फोनवर सांगत होता की उद्या या, आज गर्दी आहे. दुकानात कुणीही नव्हतं.

“तुमचा आळस नव्हता,” मी म्हटलं. “एवढंच सांगायचं होतं. तुमचं काही चुकलं नव्हतं.”

“किती वाजले?” यांनी विचारलं.

मला वाटलं, मला नीट ऐकू आलं नाही. “काय?”

“किती वाजले बघ.”

मी घड्याळ बघितलं. “दहा वीस.”

“अकराला अजून चाळीस मिनिटं आहेत.”

“हो.”

हे पट्टीकडे बघत होते. वाकड्या चष्म्यातून, डोकं जरा कलतं करून, पाढा पाठ करणाऱ्या मुलासारखे. रागाचा मागमूस नव्हता. एखादी गोष्ट उशिरा, पण एकदाची समजल्यावर माणूस स्वतःशीच म्हणतो तसं हे म्हणाले, “म्हणजे मोडता येतं.”